कुशीवर निजणारांची गादी

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जुन्या घरांत पलंग पाहावा तर तो सागवानी. लांकूड आलापल्लीकडच्या रानांतलें, सुतार ओळखीचा, आणि तीन पिढ्या त्यावर निजून गेल्या तरी सांध्यांतून कुरकुर म्हणून नाहीं. या मुलखांतल्या सागाची ख्याति आजहि अशी आहे कीं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं लांकूड गेलें तें बल्लारपूरहून. पलंगाच्या लांकडाचे असे चोखंदळ पारखी ज्या घरांत आहेत, त्याच घरांत पलंगावरची गादी मात्र डोकीं मोजून घेतली जाते. दिवाळीच्या आधीं मंडळी किती तें पाहावें, तितक्या गाद्या एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या सांगाव्या, आणि घाऊक दर पदरांत पाडून घेतला म्हणून समाधान मानावें! ४५ किलोंची सून आणि ९५ किलोंच्या सासूबाई, दोघींच्या वांट्याला एकच गादी. वहाणा घेतांना असें कोणी करीत नाहीं.

या महिन्यांत आम्ही लिहीत आहों तें घरांतल्या एका विशिष्ट माणसासाठीं. हें माणूस अंगानें भरलेलें असतें, वजन ८०-८५ किलोंच्या पुढें असतें, आणि तें कुशीवर निजतें. एकत्र कुटुंबांत असें एक तरी माणूस सांपडतेंच. पुष्कळदां ती घरांतली एखादी वडील स्त्री असते, आणि म्हणूनच तिच्या अंथरुणाचा विचार सर्वांत शेवटीं होतो.

कुशीवर निजणें ही खोड मुळींच वाईट नव्हे. दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी करण्याची आपली चाल प्रसिद्धच आहे. डाव्या कुशीवर पडलें असतां अन्ननलिकेचें खालचें तोंड जठरांतल्या आम्लाच्या पातळीहून वर राहतें, त्यामुळें आंबट पाणी घशाशीं येणें कमी होतें, हें आतां वैद्यकशास्त्रानेंहि पडताळून पाहिलें आहे. उताण्या निजलेल्या स्थूल माणसाची जीभ मागें पडून श्वासाची वाट अडते; कुशीवर वळलें कीं पुष्कळांचें घोरणें उणें होतें. (झोंपेंत श्वास मध्येंच थांबत असेल तर मात्र गादीवर भरंवसा न ठेवतां डॉक्टरांकडे जावें.) गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवरच निजावयास सांगतात. तेव्हां अडचण आहे ती कुशीची नव्हे, कुशीखालच्या गादीची.

उताण्या माणसाचा भार पाठीच्या सगळ्या विस्तारावर वांटला जातो. कुशीवर वळतांच तोच भार खांदा आणि कमरेखालचें हाड अशा दोन लहान जागांवर येऊन पडतो, आणि मधला कमरेचा खळगा अधांतरीं राहतो. स्त्रियांचा हा खळगा सामान्यतः अधिक खोल असतो. आतां गादी फार कठीण असली तर खांदा आंत शिरत नाहीं. तो मानेकडे चेपला जातो, खालच्या हाताला मुंग्या येतात, हाड ठणकूं लागतें, आणि माणूस रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतें. गादी फार मऊ असली तर शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे कंबर, आंत रुतते आणि पाठीचा कणा झोळीसारखा वांकतो. असें माणूस सकाळीं उठतें तें पलंगाच्या कडेवर हात टेकून, कण्हत. दोन्ही प्रकारांत दोष अंगाच्या वजनाचा समजला जातो, आणि गादी नामानिराळी राहते.

यांत एक मेख आहे. हलक्या माणसाला जी गादी कठीण लागते, तीच जड माणसाखालीं मऊ होते; आणि ती पातळ असेल तर जड माणूस ती पार चेपून खालच्या फळीला जाऊन भिडतें. म्हणजे एकाच गादीवर धाकट्या जावेला दगडावर निजल्यासारखें वाटावें, आणि थोरलीला आधीं झोळी व मग फळी, असें दोहोंचें दुःख एकाच रात्रीं भोगावें लागावें. दुकानांतल्या पाटीवरचे ‘कठीण’, ‘मध्यम’, ‘मऊ’ हे शब्द सरासरी वजनाच्या माणसाला धरून लिहिलेले असतात, हें लक्षांत ठेवावें.

कोणी म्हणेल, हा तर चैनीचा विषय झाला. ज्या जिल्ह्यांत माणसें बांबूच्या चटईवर आणि तणशीच्या अंथरुणावर निजतात, तेथें गादीचें कौतुक कशाला? आम्हांला हें पटत नाहीं. पाठदुखी ही शहरी सुखवस्तु माणसांची मिरास नव्हे. गडचिरोलींत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें तेथील खेड्यापाड्यांतल्या पाठदुखीचा पद्धतशीर अभ्यास केला आहे, आणि मुंबईचे मणक्याचे तज्ज्ञ शोधग्रामच्या रुग्णालयांत येऊन शस्त्रक्रिया करीत आले आहेत. धानाच्या बांधींत दिवसभर वांकून रोवणी करणारी बाई आणि स्वयंपाकघरांत चाळीस वर्षें उभी राहिलेली गृहिणी या दोघींच्या पाठीला विसांवा मिळण्याची जागा एकच: रात्रीचें अंथरूण. चंद्रपूर जिल्ह्यांतलें, वरोऱ्याजवळचें आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळें बसतां येत नसे. उभें राहावें, नाहीं तर आडवें व्हावें. १९८५-८६ च्या ‘भारत जोडो’ यात्रेंत कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतचा प्रवास त्यांनीं गाडींतल्या बिछान्यावर पडून केला. बिछाना हा त्यांच्या कामाचाच एक भाग होता. त्याला चैन कोण म्हणेल?

आतां एका समजुतीविषयीं. ‘जितकें कठीण तितकें पाठीला चांगलें’ असें आपल्याकडे घरोघरीं सांगतात, आणि पूर्वीं पुष्कळ डॉक्टरहि सांगत. स्पेनमध्यें जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांवर एक प्रयोग झाला व तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना कठीण गाद्या दिल्या, कांहींना मध्यम कठीण. कोणाला कोणती, हें त्यांना कळूं दिलें नाहीं. ९० दिवसांनीं पाहतां मध्यम कठीण गादीवर निजणारांचें दुखणें आणि हालचालींतली अडचण अधिक कमी झालेली आढळली. हा प्रयोग कांहीं केवळ स्थूल माणसांवर केलेला नव्हता; परंतु ‘कठीण तेवढें बरें’ या म्हणण्याचा पाया त्यानें काढून घेतला, एवढें खास.

या समजुतीचें मूळ वैद्यकांत नाहींच, असें आम्हांला वाटतें. ब्रह्मचाऱ्याला भूमिशय्या, व्रतस्थाला भूमिशय्या, चातुर्मासांत कोणी नेम केला तर त्यालाहि तीच. आणि कर्मठ घरांत विधवेला तर गादी वर्ज्यच होती. कठीण अंथरूण म्हणजे सद्गुण आणि मऊ अंथरूण म्हणजे भोग, हा संस्कार तेथून आला. तो नियम घरांतून गेला, पण वडील बायकांच्या मनांतून गेला नाहीं. त्या आपण होऊन सतरंजीवर निजतात, आणि घर त्याला त्यांची आवड समजतें.

वरोऱ्याकडील एक कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. घरांत चौदा माणसें. थोरल्या काकू ९२ किलोंच्या, डाव्या कुशीवर निजणाऱ्या. कित्येक वर्षें त्या आपली गादी घडी करून भिंतीशीं ठेवीत आणि सतरंजीवर निजत. विचारलें तर म्हणत, “माझ्यानें गाद्या बसतात. पोरांना असूं द्या.” चारचौघांत आपल्या वजनाचा विषय निघूं नये म्हणून काढलेली ही पळवाट होती, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें काका वारले. उत्तरक्रियेंत शय्यादान करावयाचें ठरलें, आणि मुलांनीं बापासाठीं हात आंखडता घेतला नाहीं: उत्तम गादी, उशा, चादर, पांघरूण. तीं सगळीं माजघरांत मांडलेलीं असतां धाकटी जाऊ काकूंच्या जवळ बसली होती. ती म्हणाली, “वहिनी, दादा कधीं अशा गादीवर निजले होते का हो?”

“त्यांचें काय, ते कोठेंहि निजत.”

“आणि तुम्ही?”

काकू गादीवरून हात फिरवीत म्हणाल्या, “माझें काय ग! मी गेल्यावर द्यालच कीं अशी एक.”

आम्हांला शय्यादानाविरुद्ध कांहीं लिहावयाचें नाहीं; ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं तें अवश्य करावें. पण हें उत्तर धाकटीच्या मनाला लागलें. रात्रीं तिनें तें नवऱ्याच्या कानावर घातलें, आणि महिन्याच्या आंत त्या घरांत प्रथमच एका माणसाच्या मापानें गादी झाली. ती कशी झाली तें पुढें येईलच. आधीं कोणत्या वस्तूचा गुण काय, तें पाहूं.

कापूस आपल्या घरचाच. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे वरोरा, राजुरा, कोरपना या भागांतल्या काळ्या जमिनींत तो पिकतो. पूर्वेकडे आणि गडचिरोलींत धानाचा मुलूख. गादीला लांब तंतूचा तलम कापूस लागतो असें पुष्कळांस वाटतें, पण तसें नाहीं. आंखूड, जाडाभरडा कापूस अधिक उसळता असतो आणि गादीला तोच चांगला. गादी भरून घेतांना मूठभर कापूस दाबून सोडावा. तो पुन्हां फुलला पाहिजे. त्यांत रंगीत तंतु किंवा चिंध्यांचे धागे दिसले तर तो जुन्या कपड्यांचा पिंजलेला माल आहे, असें समजून उठावें. कापसांतून वारा खेळतो, घाम शोषला जातो, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत याहून सुखाची वस्तु नाहीं. परंतु जड देहाखालीं कापूस लौकर बसतो. सहा महिन्यांत कमरेच्या जागीं खळगा पडतो, आणि नातवंड शेजारीं निजत असेल तर तेंहि घरंगळत त्या खळग्यांत येतें. यावर उपाय म्हणजे आठवड्याला गादी फिरवून डोक्याकडची बाजू पायाकडे करणें, महिन्याला उलटणें, आणि वर्षाकांठीं वैशाखांत पिंजून घेणें. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार आतां गल्लींतून क्वचित् ऐकूं येतो. त्याचें काम यंत्रावर होतें, पण होतें. तें टाळूं नये.

कांटेसांवरीचा कापूस या रानांतला खास. फाल्गुनांत झाड निष्पर्ण होऊन लाल फुलांनीं भरतें, उन्हाळ्यांत बोंडें फुटतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडूं लागतो. त्याचा तंतु आंतून पोकळ व वरून मेणचट असतो. म्हणून तो हलका, पाण्याला दाद न देणारा, पण सुताला निरुपयोगी. जड माणसाच्या गादींत तो घालूं नये. दाबाखालीं तुटून त्याचा भुगा होतो. त्याची जागा उशींत.

नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, तो भाजून पक्का केलेल्या वड्यांच्या गाद्या बाजारांत पुष्कळ वर्षें आहेत. त्या कठीण असतात, वारा आरपार जाऊं देतात, आणि जड माणसाखालीं सहसा तळ गांठत नाहींत. परंतु नुसत्या काथ्यावर कुशीवर निजणें म्हणजे खांद्याला शिक्षा. काथ्या खालीं ठेवावा, वर कांहीं नरम असावें.

फोम हा शब्द आतां घरोघरीं गेला आहे. त्यांत दोन गोष्टींची गल्लत होते. घनता म्हणजे ठराविक जागेंत माल किती. कठीणपणा म्हणजे दाबाला विरोध किती. कमी घनतेचा फोमहि नवा असतांना कठीण लागतो, आणि वर्षभरांत बसतो. जड माणसानें ४० च्या खालची घनता घेऊं नये, निदान खालच्या थरांत तरी. दुकानदार घनता तोंडानें सांगतो. ती पडताळण्याचा सोपा मार्ग तराजू. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ६ इंच जाड अशी निव्वळ फोमची गादी ४० घनतेची असेल तर वजन सुमारें १० किलो भरलें पाहिजे. २८ ची असेल तर जेमतेम ७ किलो भरेल. खोळीचें वजन वेगळें धरावें. वाण्याकडून डाळ मोजून घेणाऱ्या गृहिणीला गादी मोजून घेण्यास संकोच कां वाटावा?

‘मेमरी फोम’ या नांवानें विकला जाणारा प्रकार अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं १९६६ सालीं विमानांतील आसनांच्या कामांतून निघाला. तो अंगाच्या उष्णतेनें मऊ होऊन शरीराचा आकार घेतो, त्यामुळें खांद्याला व हाडाला फार सुखावह वाटतो. थंड देशांत तो गुण असेल; आपल्याकडे मे महिन्यांत खोलीच इतकी तापलेली असते कीं, हा फोम माणूस निजण्याच्या आधींच ढिला होऊन बसतो, आणि पौषांतल्या गारठ्यांत तोच घट्ट लागतो. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो, आणि स्थूल माणसाला उकाडा आधींच अधिक. घ्यावयाचाच तर वरचा पातळ थर म्हणून घ्यावा. सगळी गादी त्याची नको. रबराच्या चिकाचा लॅटेक्स महाग व वजनानें जड, पण उसळी चांगली धरतो आणि तापमानानें इतका बदलत नाहीं. वरच्या दोन इंचांसाठीं आमची पसंती त्याला. वेगवेगळ्या पिशव्यांत बसविलेल्या स्प्रिंगांची गादी हवेशीर असते आणि शेजारचें माणूस हललें तरी आपल्याला धक्का पोंचत नाहीं. मात्र तिची कड दाबून पाहावी. वडील माणूस उठतांना आधीं कडेवर बसतें, आणि कड ढांसळली तर तोल जातो.

सारांश इतकाच कीं, जड आणि कुशीवर निजणाऱ्या माणसाला खालीं न हटणारा थर आणि वर नमतें घेणारा थर, असे दोन्ही पाहिजेत. एकच एक चार इंची गादी हें काम करूं शकत नाहीं. दोहों मिळून सात-आठ इंच जाडी असावी. वरोऱ्याच्या त्या घरांत काकूंसाठीं खालीं चार इंच काथ्याची गादी आणली, आणि वर तीन इंचांची कापसाची, घरच्याच दोन जुन्या गाद्यांतला चांगला कापूस निवडून, पिंजून भरलेली. खर्च झाला तो शय्यादानाच्या गादीहून कमीच. वरची गादी बसली कीं पिंजून घ्यावी, खालची तशीच राहते. घर मोठें असलें म्हणजे ही जोडी फार सोईची.

गादी ठरविण्यापूर्वीं ती निजून पाहावी. दुकानांत हातानें दाबून किंवा कडेवर बसून कांहीं कळत नाहीं. नेहमींच्या कुशीवर, नेहमींच्या उशीसह पंधरा मिनिटें पडावें. बरोबर नेलेल्या जावेला किंवा नणंदेला पाठीमागून पाहावयास सांगावें: मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंतची रेघ गादीला समांतर आहे काय? ती कमरेशीं खालीं झुकत असेल तर गादी मऊ. खांदा वर उचलला जाऊन रेघ तिरपी होत असेल तर कठीण. मग कमरेच्या खळग्याखालून तळहात सरकवावा. तो मोकळा आरपार गेला तर गादी कठीण, मुळींच शिरला नाहीं तर कंबर रुतली आहे. किंचित् अडत गेला म्हणजे ठीक. दुकानांत चार माणसांसमोर निजावयास वडील बायका लाजतात. त्यांच्यासाठीं घरींच एकमेकींच्या गाद्या, सतरंज्या, घड्या वर-खालीं लावून हीच परीक्षा करतां येते, आणि किती जाडीला सुख लागतें तें कळतें. हल्लीं कांहीं विक्रेते महिना-दोन महिने वापरून परत करण्याची मुभा देतात. ती घेण्यापूर्वीं गादी परत नेण्यास गाडी आपल्या गांवापर्यंत येते कीं नागपूरलाच थांबते, तें विचारून घ्यावें.

उशीचें काम खांद्यानें उत्पन्न केलेली पोकळी भरण्याचें. रुंद खांद्याच्या माणसाला उंच उशी लागते, पण खांदा गादींत चांगला शिरत असेल तर तितकी उंच नको. म्हणून उशी गादीनंतर ठरवावी. दुसरी एक उशी दोन गुडघ्यांच्या मध्यें घ्यावी, म्हणजे वरचा पाय पुढें पडून कंबर पिळली जात नाहीं. या दोन्ही ठिकाणीं सांवरीच्या कापसाची उशी उत्तम. इतकें करूनहि हाताच्या मुंग्या दिवसा राहत असतील, किंवा पायांतून कळ जात असेल, तर तें काम गादीचें नव्हे, डॉक्टरांचें. घरांत तान्हें मूल असेल तर त्याला या नरम थरावर निजवूं नये; त्याला सपाट, घट्ट अंथरूणच सुरक्षित.

आतां गादीखालचा पलंग. सुंभाची किंवा नवारीची बाज कितीहि ताणली तरी जड माणसाखालीं मध्यें झुकते. तिच्यावर वरची सगळी योजना फुकट जाते. बंद पेटीच्या पलंगांत वारा नाहीं. पावसाळ्यांत, आणि कूलरच्या ओल्या हवेंत, गादीच्या पोटाला बुरशी धरते. फळ्या-फळ्यांचा पलंग बरा. दोन फळ्यांत तीन इंचांहून अधिक अंतर नसावें आणि मधोमध एक आडवा आधार असावा. जमिनीवरच गादी घालावयाची तर खालीं बुरुडाकडची बांबूची चटई टाकावी आणि सकाळीं गादी उचलावी; उचलली नाहीं तर खालून ती घामेजते, आणि या भागांत वाळवीहि वाट पाहतच असते.

जाड गादी आली कीं उंचीचा प्रश्न येतो. कडेवर बसलें असतां पाऊल जमिनीला सपाट टेकून गुडघा काटकोनांत राहिला पाहिजे. बहुतेक स्त्रियांना गादीसह १८ ते २० इंच उंची पुरे. काकूंचा पलंग मुळांतच १८ इंच, त्यावर ७ इंच गादी. थोरल्या मुलानें पाय कापावयाचें सुचविलें, तेव्हां काकूच रागावल्या. तो पलंग त्यांच्या सासऱ्यांनीं करवून घेतलेला. शेवटीं सुतारानें पायांना हात न लावतां आंतल्या फळ्या ५ इंच खालीं उतरविल्या. पलंग बाहेरून होता तसाच दिसतो, आणि नातवंड आतां घरंगळत नाहीं, अशी काकूंची तक्रार आहे.

शेवटची सूचना या जंगलजिल्ह्यांसाठीं विशेष. गडचिरोली हा महाराष्ट्रांत हिंवतापानें फार पीडलेला जिल्हा, आणि मण्यार हा साप रात्रीं जमिनीवर निजलेल्यांनाच बहुधा चावतो. दंशाची खूण दिसत नाहीं, वेदना नसते, आणि झोंपेंतून उठलेल्या माणसाला काय झालें तें कळत नाहीं. म्हणून वडील माणसानें जमिनीवर निजण्याचा आग्रह धरला तर तो मानूं नये. पलंग आणि मच्छरदाणी दोन्ही हवींत. पण बाजारची मच्छरदाणी चार इंची गादीच्या हिशेबानें बेतलेली असते. सात-आठ इंचांच्या गादीवर ती टांगली कीं खालचा घेर तोकडा पडतो आणि कुशी बदलतांना बाहेर निघतो. गादी झाल्यावर पलंगाचें माप घेऊन मच्छरदाणी शिवून घ्यावी, किंवा आहे तिलाच खालून फूटभर जाडसर कापडाची पट्टी जोडावी, म्हणजे ती गादीखालीं चांगली वीतभर दडपतां येते. दडपतांना चार कोपरे आधीं दडपावे, बाजू मागून. आणि डोक्याकडची बाजू निजणाऱ्यानें आंत शिरल्यावर स्वतः हात फिरवून पाहावी.